मिसळलेली चित्रं आणि एक कच्चं कुलूप

स्नायूची स्थिती आणि त्याचा वेग ही माहिती मज्जातंतू सरमिसळ करूनच पाठवतात. मग मेंदू ती निवडतो कशी? १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ग्रेनोबलला जानी एरो आणि क्रिस्तियान ज्युतेन या प्रश्नाला भिडले आणि त्यातून ब्लाइंड सोर्स सेपरेशन उभं राहिलं. मूळ संकेत ठाऊक नाहीत, मिसळण्याचं प्रमाणही नाही. हातात फक्त मिश्रणं.

पुढची पंधराएक वर्षं गणिताची. पिएर कोमों यांनी १९९४मध्ये पक्की मांडणी केली, १९९७मध्ये फिनलंडच्या ह्युवारिनेन आणि ओया यांचं मिश्रणं सोडवणारं फास्टआयसीए हे अल्गोरिदम आलं. आता कुणालाही खेळून बघता येऊ लागलं. चेहऱ्याचा फोटो ७० टक्के आणि झाडाचा ३०, दुसऱ्या मिश्रणात ४० आणि ६०. दोन्हींत फांद्या गालांवर चढलेल्या. काही फेऱ्यांत चित्रं सुटी होतात, पण कोणतं आधी येईल याचा नेम नाही, आणि चेहरा कधी निगेटिव्ह होऊन येतो: काळे दात, पांढऱ्या भुवया!

सहज सुटायला मिश्रणं निदान मूळ चित्रांइतकी लागतात. २००२च्या सुमारास चीनमधल्या दालियनच्या चिउहुआ लिन आणि सहकाऱ्यांनी ही अडचणच कामाला लावली. गुप्त चित्रांत रँडम ठिपक्यांची तितकीच चित्रं मिसळायची, आणि पाठवायची मिश्रणं मात्र निम्मीच. चोर अडतो. ज्याच्याकडे किल्ली आहे तो तीच ठिपक्यांची चित्रं पुन्हा तयार करतो, मिश्रणांच्या जोडीला ठेवतो आणि भरती पुरी करतो. कल्पना फार देखणी.

२००८मध्ये शुजुन ली आणि सहकाऱ्यांनी तिची चिरफाड केली. सगळा मामला बेरीज-गुणाकाराचा. एकच किल्ली दोनदा वापरली, तर वजाबाकीत ठिपके उडून जातात. शिवाय मिश्रणाचं प्रमाण अंदाजे जुळलं तरी चित्र ओळखू येतं. दहापैकी सात दात जुळले तरी उघडणारं कुलूप म्हणा ना. माझ्या मते दोष मिश्रणं सोडवण्याच्या पद्धतीचा नाही, तिला दिलेल्या कामाचा. डोळा धूसर चित्रही चालवून घेतो. गुप्ततेला ते परवडत नाही.

पिसाच्या आना तोनात्सिनी यांनी तीच पद्धत जुन्या दस्तऐवजांवर लावली. एकाच पानाच्या लाल, हिरव्या आणि निळ्या नोंदी ही त्यांची मिश्रणं. त्यांतून वरचं लेखन एकीकडे आणि मागच्या बाजूने उतरलेली शाई दुसरीकडे काढता आली.