विश्लेषण : ऑक्सिमीटरवरचा ‘९४’ प्रत्येक वेळी सारखाच का नसतो?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, घरोघरी ऑक्सिमीटर आले. ‘ऑक्सिजन किती आहे?’ या प्रश्नाच्या उत्तरावर रुग्णाला घरी ठेवायचे की रुग्णालयात हलवायचे, हे ठरू लागले. मात्र करोना असो वा स्वाइन फ्लू, विषाणूजन्य न्यूमोनिया गंभीर झाला की डॉक्टर केवळ या एका आकड्यावर विसंबत नाहीत. असे का?

ऑक्सिमीटर काय मोजतो?

बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडला जातो. ऑक्सिजन असलेले व नसलेले हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. त्यावरून किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेले आहे, याचा अंदाज येतो. निरोगी व्यक्तीत हे प्रमाण साधारण ९५ ते १०० टक्के असते.

मग ९४ आणि ९४ मध्ये फरक कसा?

एका रुग्णाची पातळी साध्या हवेवर ९४ आहे, दुसऱ्याची ६० टक्के ऑक्सिजन लावून ९४. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. ९४ ला ०.२१ ने भागले तर सुमारे ४४८ येतात, ०.६ ने भागले तर अवघे १५७. हे गुणोत्तर जितके कमी, तितके फुप्फुसाचे नुकसान अधिक.

धोका कसा ठरतो?

धमनीतील रक्त तपासून (एबीजी) ऑक्सिजनचा दाब मोजतात आणि त्याला अशाच प्रकारे भागतात. २०१२ च्या ‘बर्लिन व्याख्ये’नुसार, फुप्फुसांच्या तीव्र विकारात (एआरडीएस) हे गुणोत्तर २०० ते ३०० असल्यास आजार सौम्य, १०० ते २०० मध्यम आणि १०० वा त्याहून कमी असल्यास तीव्र. त्या वेळच्या माहितीत या तीन गटांतील मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे २७, ३२ आणि ४५ टक्के होते. २०२३ च्या नव्या जागतिक व्याख्येत ऑक्सिमीटरवर आधारित गुणोत्तरही मान्य झाले. एबीजीची सोय नसलेल्या लहान रुग्णालयांसाठी हे महत्त्वाचे आहे.

ऑक्सिमीटर चुकू शकतो का?

हो. थंड हात, नेलपॉलिश, हालचाल यांमुळे आकडा चुकतो. अमेरिकेतील २०२० च्या एका अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्ष पातळी ८८ च्या खाली असल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के आढळले.

घरी काय लक्षात ठेवावे?

करोनाकाळातील केंद्राच्या निकषांनुसार साध्या हवेवर ९० ते ९३ म्हणजे मध्यम आजार, तर ९० च्या खाली गंभीर. मिनिटाला २४ किंवा अधिक श्वास हीदेखील धोक्याची खूण. काहींना पातळी घसरूनही दम लागत नाही, त्यामुळे ‘बरे वाटतेय’ यावर विसंबू नये. आकडा लिहून ठेवताना वेळ आणि ऑक्सिजन लावला होता का, हेही लिहावे. डॉक्टरांना त्याशिवाय ९४ चा अर्थ लागत नाही.