अवर्षणांतील एप्रिल

१२ एप्रिल २०१६ च्या पहांटे पाण्यानें भरलेल्या दहा वाघिणींची एक आगगाडी मिरजेहून लातूर स्थानकांत येऊन पोहोंचली. तींत सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. त्याच दिवशीं दिल्लीस भारतीय हवामान खात्यानें आपला पावसाळ्याचा अंदाज जाहीर केला : येत्या चार महिन्यांत देशांत सरासरीच्या १०६ टक्के पाऊस पडेल. एकीकडे परगांवाहून आणलेलें पाणी, तर दुसरीकडे भरपूर पावसाचें आश्वासन, अशा स्थितींत मराठवाड्यानें तो महिना काढला. त्या एका महिन्याचें हवामान नीट समजून घेतलें, तर अवर्षण म्हणजे काय याचा पुष्कळसा उलगडा होतो.

एप्रिलांत पाऊस नसणें हें मराठवाड्यांत नवल नव्हे. हा प्रदेश सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेंत आहे; त्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तेव्हां २०१६ ची टंचाई ही एप्रिलची करणी नव्हती. ती मागील दोन पावसाळ्यांची बाकी होती. २०१४ सालीं तेथें सरासरीपेक्षां सुमारें ४२ टक्के, आणि २०१५ सालीं सुमारें ४० टक्के पाऊस कमी पडला. एका वर्षाची तूट विहिरी व धरणें कशीबशी सोसतात. दुसऱ्या वर्षीं त्यांच्यापाशीं देण्यासारखें कांहीं उरत नाहीं. त्यांतून येथील जमिनीखालीं काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत व झिजलेल्या थरांत मावेल तेवढेंच पाणी मुरतें. लातुरास पाणी पुरविणारें धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडलें, आणि मार्च महिन्यांत शहरांतील पाणी भरण्याच्या जागीं जमावबंदीचा हुकूम लावावा लागला.

अशा स्थितींत एप्रिल आला व पारा चाळीस अंशांच्या वर गेला. उन्हाळ्यामुळें पाणी आटतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु पाणी आटल्यामुळें उन्हाळा वाढतो, हें तितकेंसें ध्यानांत येत नाहीं. मातीच्या माठांतून पाणी पाझरतें, त्याची वाफ होते, आणि त्या कामीं उष्णता खर्च झाल्यामुळें आंतील पाणी गार राहतें. ओलसर जमीन ही असाच एक मोठा माठ होय. तिच्यावर पडणाऱ्या उन्हाचा कांहीं भाग ओलाव्याची वाफ करण्यांत खर्ची पडतो. जमीन कोरडी ठणठणीत असली म्हणजे हा खर्च थांबतो, आणि तें सारें ऊन माती व हवा तापविण्याकडे लागतें. तापलेली कोरडी हवा तळ्यांतील उरलेंसुरलें पाणी अधिकच लवकर शोषून घेते. अशा रीतीनें अवर्षण आपला उन्हाळा आपणच कडक करून घेतें.

याच तापलेल्या हवेंतून वळीव जन्मास येतो. दुपारीं जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. समुद्राकडून थोडें बाष्प आलेलें असलें, तर ढगांचे डोंगर उभे राहतात. मग वावटळ, कडकडाट, प्रसंगीं गारा, आणि अर्ध्या घटकेंत सर्व शांत ! असा पाऊस एका शिवारांत पडतो व शेजारचें शिवार कोरडें ठेवतो. त्यानें हवा निवते, नांगरटीस जमीन मऊ होते. पण आंब्याचा मोहोर-कैरी झडते आणि वीज माणसें व गुरें घेऊन जाते. धरण मात्र त्यानें भरत नाहीं. भेगाळलेली जमीन आधीं आपली तहान भागविते. ती तृप्त झाल्यावरच ओढे वाहूं लागतात. म्हणून वळीव पडला कीं दुष्काळ सरला, हा समज फसवा आहे.

आतां त्या अंदाजाविषयीं. मागील वर्षीं प्रशांत महासागराचें पाणी विषुववृत्तालगत फार तापलें होतें. या घटनेस एल् निनो म्हणतात, व ती पुष्कळदां आपल्या पावसास बाधक ठरते. २०१६ च्या वसंतांत तें पाणी निवूं लागलें होतें, म्हणून आशा वाढली. परंतु १०६ हा आंकडा साऱ्या देशाचा होता, लातूरचा नव्हे. प्रत्यक्षांत पाऊस ८ जून रोजीं केरळांत आला, देशांत तो ९७ टक्के पडला, आणि मराठवाड्यांत मात्र सरासरीहून अधिक झाला. मांजरा धरण पावसाळ्याच्या अखेरीस भरलें. तोंवर तहान थांबणार नव्हती. ‘जलदूत’ नांवाची ती गाडी एप्रिलांतच पन्नास वाघिणींची झाली, एका खेपेस २५ लाख लिटर पाणी आणूं लागली, आणि पावसाळा लागल्यावरही लगेच बंद झाली नाहीं.

सारांश, अवर्षण आकाशांत सुरू होतें. पण तें संपतें जमिनींत. तेव्हां पाण्याचा हिशेब एप्रिलांत नव्हे, ऑक्टोबरांत मांडला पाहिजे. त्या महिन्यांत विहिरींत व धरणांत जें असेल, तीच पुढील आठ महिन्यांची शिदोरी. बारा महिने पाणी मागणारा ऊस लावावा कीं थोडक्या ओलीवर येणारी ज्वारी पेरावी, आणि पिण्यासाठीं किती राखावें, हें ठरविण्याची वेळ तीच. एप्रिलांत निवड उरत नाहीं. गाडीची वाट पाहणें तेवढें उरतें.