मौनाची सक्ती

राज्य चालवावयाचें म्हणजे गुप्तता हवीच. कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत गूढपुरुषांच्या नेमणुकीस स्वतंत्र प्रकरणें दिलीं. पण तिघांची वार्ता जुळेल तेव्हांच ती खरी मानावी, असेंही त्यानेंच सांगून ठेविलें. गुप्त कामासही पडताळा पाहिजे, हें त्यांतील मर्म होय. ऑस्ट्रेलियांतील एका कायद्याविषयीं वाचतांना आम्हांस त्याचें स्मरण झालें.

तेथील पार्लमेंटनें मार्च २०१५ मध्यें हा कायदा संमत केला. दूरध्वनि व इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांनीं ग्राहकांच्या दळणवळणाच्या नोंदी दोन वर्षें जपून ठेवाव्या, असें त्यानें ठरविलें. या नोंदी संभाषणाच्या नव्हेत. कोणीं कोणास केव्हां दूरध्वनि केला व तो किती वेळ चालला, अशा आहेत. पत्रकारास बातमी कोणीं पुरविली हें त्याच्या नोंदींवरून शोधावयाचें असल्यास मात्र वॉरंटाची अट घातली. त्या वेळीं जनहिताची बाजू मांडण्यास पंतप्रधानांनीं नेमलेला वकील असतो. तथापि तो पत्रकाराचा वकील नव्हे, आणि पत्रकारास तर कशाचाच पत्ता नसतो.

येथवर वाचकांस फारसें वावगें वाटणार नाहीं. परंतु असें वॉरंट मागितलें किंवा मिळालें, हें अधिकारावांचून उघड करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. इतकेंच नव्हे, तर असें वॉरंट नाहीं, एवढें सांगणें हाही अपराधच!

एप्रिल २०१७ मध्यें संघीय पोलिसांचे प्रमुख अँड्र्यू कोल्विन यांनीं जाहीर कबुली दिली कीं, एका अधिकाऱ्यानें वॉरंटावांचूनच एका पत्रकाराच्या नोंदी पाहिल्या. तपास चालू असल्यामुळें त्या पत्रकारास तोंवर कळविलेंही नव्हतें. ऑम्बुड्समन नांवाचा तपासनीस तेथें आहे, हें खरें. पण ज्याच्या नोंदी चाळल्या गेल्या, त्यास स्वतःच्या वतीनें एक अक्षरही बोलतां आलें नाहीं.

घरांत चोरी झाली तर घरधनी फिर्याद तरी करूं शकतो. चोरी झाल्याचेंच ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें कोणत्या न्यायासनापुढें उभें राहावें? आणि यांत पत्रकारापेक्षांही अधिक भरडला जातो तो कचेरींतील गैरव्यवहार पाहून त्यास विश्वासानें सांगणारा सामान्य कारकून. तो एकदां भ्याला, म्हणजे वृत्तपत्रास बातमी कोठून मिळणार?

तपास चालू असतां सर्वांनीं मौन पाळावें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तपास संपतांच संबंधितास सर्व हकीगत कळविली पाहिजे, आणि ती मुदत अधिकाऱ्यांच्या मर्जीवर न सोडतां कायद्यानेंच घातली पाहिजे.