डोक्याचं माप

खादी कापण्याआधी भिजवावी लागते. न भिजवता बेतलेली बावीस नंबरची टोपी पहिल्याच धुण्यात आटते आणि मग डोक्यात बसत नाही, नुसती वर टेकून राहते. म्हणून देवगाव फाट्यावरचे शिंपीमामा कापड आणल्या दिवशी कात्रीला हात लावत नाहीत. रात्रभर बादलीत, सकाळी दोरीवर, दुपारी पाटावर हातानं सारखं करून मग बेतणी.

देवगाव फाटा परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात येतो. जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे जाणारा रस्ता आणि सेलूचा रस्ता इथं भेटतात. फाट्यावर असतं ते सगळं इथं आहे: चहाची हॉटेलं, खत-बियाण्यांची दुकानं, पंक्चरवाला, वडाप जीपची वाट बघणारी माणसं. मामांचं मशीन एका पत्र्याच्या पडवीत आहे. पोट भरतं ते शाळेच्या गणवेशांवर, परकर-अभ्र्यांवर आणि उसवलेल्या पिशव्यांवर. टोप्या मधल्या वेळात होतात. पण माप घेऊन टोपी शिवणारा माणूस आता शोधावा लागतो, त्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांतले म्हातारे बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडे वाकडी वाट करून येतात.

माप म्हणजे घेर. टेप कपाळाच्या मध्यावर धरायचा, कानांच्या वरून मागे न्यायचा, डोक्याच्या मागच्या उंचवट्यावरून फिरवून परत पुढे आणायचा. टेपखाली एक बोट सरकलं पाहिजे. त्या बोटाची जागा म्हणजे उन्हाळ्यातला घाम आणि आटणारा धागा यांची तरतूद. जितके इंच भरतील तो नंबर. बहुतेक मोठ्या माणसांची डोकी एकवीस ते तेवीसच्या दरम्यान भरतात, पण मामा अर्धा इंचही सोडत नाहीत. माझं डोकं त्यांनी न विचारता मोजलं. "साडेबावीस भरतंय बगा सर. दुकानात तुम्हाला बावीस देतेत नाहीतर तेवीस. बावीस कपाळावर वळ उठवती, तेवीस वाऱ्यानं उडती."

टोपीचे भाग मोजून दोन. एक घेराएवढी लांब, दुमडून दुहेरी केलेली पट्टी, आणि दुसरा माथ्याचा तुकडा, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. पट्टी उभ्या धाग्यात कापतात, कारण आडव्या धाग्यात कापलेली पट्टी महिनाभरात ताणते आणि टोपी कानांवर उतरते. पट्टी जोडून गोल केली की तिच्या आत माथ्याचा तुकडा शिवायचा, तोही असा की टोपी मिटल्यावर तो दोन भिंतींच्या मधे गुपचूप आत जावा. खरी कसोटी दोन टोकांना. तिथं माथ्याची निमुळती टोकं आणि पट्टी एकाच ठिकाणी येतात, कापडाचे थर साठतात, मशीनची सुई अडखळते. मामा तिथं पायडल सोडून चाक हातानं फिरवतात. पुढचं टोक एका सुतानं जरी सरकलं तरी टोपी आयुष्यभर तिरकी बसते. आणि ही तिरकी टोपी म्हणजे ऐटीत कलती केलेली टोपी नव्हे, हे बघणाऱ्याला लगेच कळतं.

ही मिटणारी घडी कुठून आली, याची एक चांगली नोंद काका कालेलकरांनी करून ठेवली आहे. साताऱ्यात जन्मलेल्या आणि गुजरातीत लिहून मोठ्या झालेल्या या मराठी माणसाला गांधीजींनी स्वतःच टोपीमागचा विचार सांगितला होता. डोक्यावर काय घालावं म्हणून गांधीजींनी प्रांतोप्रांतीची शिरस्त्राणं नजरेखालून घातली. पगड्यांना, फेट्यांना कापड फार. काश्मिरी टोपी त्यांना पसंत पडली: हलकी, शिवायला सोपी, मिटून खिशात जाणारी. पण ती लोकरीची, म्हणून त्यांनी सुती केली. मग रंगाचा प्रश्न. पांढरा रंग त्यांनी निवडला तो मळ दिसावा म्हणून. मळ दिसला की धुवावी लागते, धुतली की स्वच्छ राहते. मळखाऊ रंगाच्या बरोब्बर उलटा हा हिशेब आहे. स्वतः गांधीजींच्या डोक्यावर ती टोपी फार थोडा काळ राहिली. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत त्यांनी पंचा स्वीकारला आणि टोपी गेली. त्यांच्या नावाची टोपी पुढं लोकांनी चालवली.

आणि चालवणं सोपं नव्हतं. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा सैनिक रस्त्यात अडवून लोकांच्या डोक्यावरच्या गांधी टोप्या उतरवायला लावत. परभणी तर तेव्हा निजामाच्या राज्यात. दरबारात दस्तार, अंमलदारांच्या डोक्यावर रुमी टोपी, रयतेच्या डोक्यावर मुंडासं, पटका किंवा रुमाल. रुमी टोपीला तिच्या मूळच्या तुर्कस्तानात १९२५ साली कायद्यानं बंदी आली, तरी हैदराबादेत तिचा रुबाब कायम होता. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती नीट स्थापन होण्याआधीच बंदी घातली गेली. अशा राज्यात पांढरी टोपी घालून बाजारात जाणं म्हणजे न बोलता बाजू सांगणं होतं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते भय संपलं आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत पांढरी टोपी मोकळेपणानं पसरली. पटका बांधायला वेळ लागतो, सराव लागतो, कापड लागतं. टोपी उचलली की घातली. पटक्याचं कापड मात्र बहुगुणी होतं, त्यात भाकरी बांधता येई, उशाला घेता येई, विहिरीवर लोटा सोडता येई. ही सोय टोपीनं घालवली. तिची जागा खांद्यावरच्या दस्तीनं घेतली.

टोपी आणि दंड यांचं नातं आपल्यापुरतंच नाही. इंग्लंडात १५७१ साली असा कायदा झाला की सहा वर्षांवरच्या प्रत्येकानं रविवारी आणि सणाच्या दिवशी देशी लोकरीची टोपी घालावी. उमराव-सरदारांना सूट, बाकीच्यांना न घातल्यास दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड. हेतू देशी लोकर-कारागिरांच्या पोटाचा. १५९७ मध्ये तो कायदा मागं घेतला गेला, पण चपटी टोपी कष्टकऱ्याच्या डोक्यावर ठरून गेली. म्हणजे दोन्हीकडे टोपीच्या मागे कातणारे-विणणारे हात होते. तिथं टोपी घातली नाही म्हणून दंड होता, इथं घातली म्हणून. मुंबईच्या डबेवाल्यांनी तर स्वतःच स्वतःला नियम लावून घेतला आहे: कामावर टोपी नसेल तर दंड. हा दंड मला या सगळ्यांत शहाणा वाटतो.

सगळ्याच टोप्या पांढऱ्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. काळी टोपी शाळामास्तर, कारकून, दुकानदार यांच्या डोक्यावर सर्रास होती. सावरकरांची काळी टोपी सर्वांना ठाऊक आहे, संघाच्या गणवेशातही पुढं काळीच आली. खालून बघणाऱ्या पोराला एकाच पारावर चार टोप्यांवरून चार मतं ओळखता येत. आता पारावर एकच रंग उरला आहे, तोही सत्तरीच्या पुढच्या डोक्यांवर आणि अखंड हरिनाम सप्ताहाच्या मंडपात. २०११ मध्ये अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनात तरुणांनी टोप्या घातल्या, पण त्यांवर अक्षरं छापलेली होती. छापील टोपी फलकाचं काम करते. आंदोलन संपलं की फलक उतरतो.

टोपी शिवून झाली की निम्मंच काम झालं. उरलेलं निम्मं घरात होतं आणि ते बहुतेक वेळा बाईच्या हातचं असतं. टोपी साबणात भिजवायची, पट्टीच्या आतल्या बाजूला जमलेला तेलाचा पट्टा बोटांनी चोळायचा. ब्रशनं खादीचे धागे उभे राहतात. मग निळीचं पाणी. नीळ आधी फडक्यातून गाळून घ्यायची, नाहीतर ठिपके उठतात आणि ते जाता जात नाहीत. मग खळ. भात शिजताना काढलेली पेज पातळ करून चालते. ती नसेल तर साबुदाण्याची किंवा मैद्याची. खळ जास्त झाली तर टोपीला पापुद्रे सुटतात आणि घडीवर चिरते. अर्धवट ओली असताना घडी हातानं बसवायची, माथा आत ढकलायचा, टोकं चिमटीत ओढायची. पूर्वी तांब्यात निखारे भरून तो तांब्या वरून फिरवत. तेही नसलं तर गादीखाली एक रात्र. माझ्या आजोबांच्या दोन टोप्या असत, एक डोक्यावर आणि एक गादीखाली, आणि तिसरीची गरज त्यांना कधी पडली नाही. परीटघडीची टोपी हे पुढाऱ्याचं लक्षण. शेतकऱ्याच्या टोपीला गादीचीच घडी असायची.

मामांच्या पडवीत बसलो असताना एकजण बुलेटवरून आला आणि आहेरासाठी टोप्या विचारू लागला. मामांनी त्याला शेजारच्या कापड दुकानाकडे बोट दाखवलं. "तिकडं डझनानं मिळतेत." तो गेल्यावर म्हणाले, "आहेराची टोपी घेणाऱ्यानं आजवर मला नंबर सांगितला न्हाई."

या एका वाक्यापाशी मी थांबलो. आपल्याकडे लग्नात, बारशात, वास्तुशांतीत, सत्कारात, इतकंच काय तेरवीलाही टावेल-टोपी देतात. माईकवरून नावं पुकारली जातात, पुरुषमाणसं रांगेनं टोपी डोक्यावर टेकवून घेतात, फोटो होतो, टोपी खिशात जाते. ती टोपी विरळ कापडाची असते आणि निव्वळ खळीवर उभी असते. पाणी लागलं की खळ निघते आणि हातात फडकं उरतं. नंबर एकच, कारण ती कुणाच्याही डोक्यासाठी शिवलेली नसते. घरोघरच्या पेट्यांत अशा टोप्यांच्या चळती आहेत, आणि पुढच्या लग्नात त्यातलीच एखादी पुन्हा दुसऱ्याला जाते. एकच टोपी चार लग्नं फिरून मूळ घरी परत आल्याचे किस्से या भागात हसत हसत सांगतात.

मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसत नाही. आज टोप्या पूर्वीपेक्षा कमी विकल्या जातात असं नाही. कमी घातल्या जातात. तरुणांनी टोपी सोडली म्हणून ती संपली असं आपण म्हणतो. पण ज्या तरुणाला आयुष्यात मिळालेली प्रत्येक टोपी एक तर कपाळाला रुतली किंवा वाऱ्यानं उडाली, त्यानं ती का घालावी? डोक्याला बसणारी टोपी त्यानं पाहिलेलीच नाही. इकडे नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती देशाचे तिरंगे तयार करते. खादीला या मुलखात तोटा नाही. कमी आहे ती माप घेणाऱ्यांची, आणि त्याहून जास्त माप विचारणाऱ्यांची. मामांचा मुलगा संभाजीनगरला कंपनीत आहे, मशीनवर बसणार नाही. तो बसला असता तरी डझनाच्या भावाशी त्याला झुंजता आलं नसतं.

म्हणून एवढंच सांगणं आहे. पुढच्या लग्नाला जाताना टोप्यांचा गठ्ठा नेऊ नका. त्या घरात रोज टोपी घालणारा एक म्हातारा असेल, त्याच्या डोक्याचा नंबर आधी फोनवर विचारा, भिजवलेल्या खादीची एक टोपी शिवून घ्या आणि ती त्यालाच द्या. बाकीच्यांना नुसता टावेल पुरतो.