फरशीवर खडूने काढलेला पाइप

इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो इथल्या रासायनिक कारखान्यात मार्च 1974 मध्ये पाचव्या रिअॅक्टरला सुमारे सहा फुटांची चीर सापडली. नायलॉनच्या कच्च्या मालासाठीचे सहा रिअॅक्टर तिथे पायऱ्यांसारखे, एकाखाली एक बसवलेले होते. पाचवा काढला आणि चौथा थेट सहाव्याला जोडायचं ठरलं. तोंडं 28 इंची, हाताशी होता 20 इंची पाइप. त्याचा आराखडा वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढला गेला. दोन्ही टोकांना लवचिक बेलोज आणि खाली परांचीचा आधार.

एवढ्याशा पाइपमधून पुरेसा द्रव वाहील का, हे तपासलं गेलं. पण रिअॅक्टरमधला दाब पायरी उतरण्यासाठी वाकड्या केलेल्या त्या पाइपला कसा पिळेल, बेलोजवर किती ताण येईल, याचं गणित कुणीच केलं नाही. ते करू शकणाऱ्या वर्क्स इंजिनिअरची जागा तेव्हा रिकामी होती. चाचणी घेतली ती चौरस सेंटिमीटरला 9 किलो दाबाने, सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र 11 किलोवर उघडणार होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की आजही अंगावर काटा येतो.

पाइप दोन महिने टिकला. 1 जूनला, शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास तो निखळला आणि रिअॅक्टरमधल्या ज्वालाग्राही सायक्लोहेक्झेनचा प्रचंड ढग पेटला. 28 माणसं गेली, त्यांतली 18 कंट्रोल रूममध्ये. कामाचा दिवस असता तर हा आकडा कितीतरी वाढला असता.

बिघाड आधीच शोधण्याची ‘हॅझॉप’ ही पद्धत ब्रिटनमधल्याच आयसीआय कंपनीत त्याआधी आकाराला आली होती. डिझाइनवाला, मेंटेनन्सवाला आणि प्लांट चालवणारा ऑपरेटर एका टेबलाशी बसतात. आराखड्यातल्या एकेका पाइपवर बोट ठेवून विचारतात: इथला प्रवाह थांबला तर? वाढला तर? उलटा फिरला तर? मग कारण, परिणाम आणि उपाय लिहून काढतात. माझ्या मते या बैठकीत सर्वांत मोलाचा माणूस ऑपरेटर, कारण कुठला व्हॉल्व्ह अडकतो हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. फ्लिक्सबरोनंतर आणखी एक गोष्ट पक्की झाली: चालू प्लांटमधल्या प्रत्येक बदलाला, तात्पुरत्यासुद्धा, हेच प्रश्न विचारायचे.

तुमच्या कारखान्यात शटडाउन लांबलेला असेल, वरून फोनवर फोन येत असतील आणि कुणी म्हणालं, “तात्पुरतंच तर आहे, जोडून टाका,” तर वेल्डिंगआधी कागदावरचा आराखडा मागा आणि त्याखाली गणित करणाऱ्याची सही आहे का, ते बघा.