औद्योगिक वास्तूंचे वर्ग आणि त्यांची मराठी नावे

उद्योगासाठी वापरल्या जाणाऱ्या वास्तूंना मराठीत कारखाना, गिरणी, वखार, गोदाम, शेड, गाळा अशी नावे रूढ आहेत. छत्रपती संभाजीनगर येथील चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा या औद्योगिक क्षेत्रांत यांपैकी बहुतेक नावे रोजच्या व्यवहारात कानी पडतात. परंतु ही सारी नावे एकाच तत्त्वावर आधारलेली नाहीत. आणि ज्या तत्त्वावर कायदा या वास्तूंचे वर्ग पाडतो, ते तर यांपैकी एकाही नावात आढळत नाही. या अंतराचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम 'कारखाना' या शब्दाचा विचार करणे इष्ट होईल. फारसीत 'कार' म्हणजे काम व 'खाना' म्हणजे जागा. शिवकालीन राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांत तोफखाना होता, तसेच धान्याचा अंबरखाना आणि रत्नांचा जवाहिरखानाही होता. अर्थात् उत्पादन व साठवण हा भेद त्या काळी या शब्दाला अभिप्रेत नव्हता. याच्या उलट, सुरतेतील ज्या ठाण्यास इंग्रज स्वतः 'फॅक्टरी' म्हणत, त्यास मराठीने 'वखार' म्हटले. कारण तेथे मुख्यतः मालाची साठवण व देवघेव चाले. यंत्रयुगात 'कारखाना' उत्पादनापुरता मर्यादित झाला आणि साठवणीचा अर्थ 'वखार' व 'गोदाम' या शब्दांकडे राहिला. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ या नावात तो अर्थ आजही टिकून आहे.

'गिरणी' हे नाव यंत्रावरून पडलेले आहे. या शहरात पाण्याच्या बळावर दळण करणारी पाणचक्की पूर्वीपासून होती. 1889 मध्ये सूतकताई व विणकामाची कापडगिरणी उभी राहिली. दोन्ही नावे आत कोणते यंत्र चालते ते सांगतात.

'गाळा' या शब्दाची वाटचाल याहून निराळी आहे. मूळ अर्थ दोन खांबांमधील अंतर. म्हणूनच घर इतक्या गाळ्यांचे, असे म्हणण्याची रीत पडली. पुढे तोच शब्द मोठ्या इमारतीतील स्वतंत्रपणे विकता वा भाड्याने देता येणाऱ्या भागास लागला. बांधकामाचे माप अशा रीतीने मालकीचे माप झाले. 'शेड' हा इंग्रजी शब्द मात्र सुट्या, बहुधा पत्र्याच्या छताच्या एकमजली वास्तूपुरता राहिला. 1962 मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ उद्योजकांना भूखंड 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. भूखंड घेणारा वास्तू स्वतः उभारतो. गाळा घेणारा मात्र दुसऱ्याने आखलेल्या भिंतींच्या आत काम करतो. आपल्या भिंतीपलीकडे कोणता माल आहे, हे त्याच्या हाती नसते.

व्यापारी व दलाल गोदामांना अ, ब, क अशा श्रेणी लावतात. त्यांत छताची उंची, जमिनीची भार सोसण्याची शक्ती, मालमोटारी लावण्याची सोय इत्यादी गोष्टी पाहिल्या जातात. ही श्रेणी भाड्याचा दर ठरविण्यास उपयोगी पडते. धोक्याविषयी ती फारसे काही सांगत नाही.

कायद्याची दृष्टी वेगळी आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या मूळ व्याख्येत यंत्रशक्तीचा वापर असल्यास किमान 10 व नसल्यास किमान 20 कामगार असलेली जागा 'कारखाना' ठरत असे. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत या संख्या अनुक्रमे 20 व 40 करण्यात आल्या. येथे निकष माणसांच्या संख्येचा आहे. 2016 ची राष्ट्रीय इमारत संहिता औद्योगिक इमारतींचे धोक्यानुसार तीन पोटवर्ग करते: जेथील वस्तू सहसा आपोआप आग पसरू देत नाहीत तो अल्प धोक्याचा, जेथे आग मध्यम वेगाने पसरून बराच धूर होतो तो मध्यम धोक्याचा, आणि जेथे आग अतिवेगाने भडकते, विषारी वायू निघतो वा स्फोट संभवतो तो अधिक धोक्याचा. साठवणीच्या आणि निवासी इमारती यांहून स्वतंत्र गटांत येतात. बाहेर पडण्याचे मार्ग, दारांतील अंतर, आग विझविण्याची साधने हे सर्व या वर्गावर अवलंबून असते.

एकाच गाळ्यात प्रथम लोखंडी भाग घडविले गेले आणि पुढे तेथेच रंगाचे द्रावक साठविले गेले, तर भिंती, फलक आणि 'गाळा' हे नाव तसेच राहते; वर्ग मात्र बदललेला असतो. 31 डिसेंबर 2023 रोजी, मध्यरात्रीनंतर, वाळूज येथील हातमोजे तयार करणाऱ्या एका कारखान्यास आग लागून 6 कामगार मृत्युमुखी पडले. त्या वेळी काम बंद होते व कामगार आत झोपलेले होते. दिवसा उत्पादनाची असलेली वास्तू रात्री निवासाची झाली होती; तिला लोक मात्र दोन्ही वेळी कारखानाच म्हणत.

रूढ नावे बदलावीत, असा याचा अर्थ नव्हे. ती नावे इतिहास, यंत्र आणि मालकी यांविषयी पुष्कळ सांगतात. मात्र करारपत्रात वा परवान्यात 'गाळा' किंवा 'शेड' एवढेच लिहून भागत नाही. आत काय होते, काय साठते आणि रात्री तेथे कोण असते, ही तीन उत्तरे नावाशेजारी साध्या मराठीत लिहिली गेली पाहिजेत. कारण भाडेकरू वाचतो ते त्याच भाषेत.