पाईप अर्धा की पाऊण? कलमांचं शिंपण आणि नळीचं गणित

या भागात आकडे जरा जास्त आहेत, आणि हार्डवेअरच्या दुकानात उभं राहून ऑडिओ मागे-पुढे करत बसणं काही जमत नाही. म्हणून बोललो ते थोडं नीट करून इथे लिहून काढलंय. दुकानात जाल तेव्हा हेच पान उघडा.

विषय आहे पाणी घालायचा पाईप. हो, तोच हिरवा, मागीलदारी वेटोळं घालून पडलेला, दर मे महिन्यात कुठेतरी नवीन फुटणारा. आणि त्याच्या टोकाला लावायची गन.

ठाण्यात राहणाऱ्या एकाची व्हॉइस नोट आली होती. घर संगमेश्वरजवळच्या वाडीत. चार वर्षांपूर्वी घरामागच्या उतारावर हापूस आणि काजूची कलमं लावली, पाणी घालते आई. आईचे कष्ट कमी व्हावेत म्हणून याने ऑनलाइन आठ प्रकारच्या धारांची गन मागवली, सोबत तो ताणला की लांब होणारा कापडी पाईप. गणपतीला नाही, शिमग्याला घरी जाऊन जोडला. पाईप ताणलाच नाही आणि गनमधून पाणी नुसतं ठिबकलं. त्याचा प्रश्न: गन खराब आली का?

गन चांगली आहे. ती आपल्या घरासाठी बनवलेली नाही, एवढंच.

आपल्याकडे पाण्याचा प्रकार विचित्र आहे. पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, शास्त्री आणि सोनवी दुथडी भरून वाहतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वाडीतला पऱ्या कोरडा. जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही, चाळणीसारखं खाली सोडून देते. १९९० मध्ये रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आली, त्यानंतर कोकणातल्या कितीतरी वरकस जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला. मोठं झाड उन्हाळ्यात आपलं आपण बघून घेतं. पण पहिले दोन-तीन उन्हाळे कलमाची मुळं खोल गेलेली नसतात. तेव्हा एप्रिल-मेमध्ये पाणी चुकलं की कलम गेलं, आणि त्याबरोबर तेवढी वर्षंही गेली. पूर्वी हे शिंपण कळशीने व्हायचं. आता पाईपने होतं, पण पाईप चुकीचा असेल तर कळशी परवडली म्हणायची वेळ येते.

आता गणित. घाबरू नका, बारावीचं फिजिक्सही लागत नाही.

पाणी जेवढ्या उंचीवरून येतं तेवढा त्याचा जोर. साधारण १० मीटर उंची म्हणजे १ बार दाब. घरावरच्या टाकीतलं पाणी तुमच्या हातातल्या पाईपच्या तोंडापासून ५ मीटर वर असेल, तर तुमच्याकडे आहे अर्धा बार. बस्. त्या गन आणि ते ताणणारे पाईप साधारण दोन-तीन बारच्या नळासाठी बनवलेले असतात, म्हणजे शहरातल्या पंपाच्या लाइनसाठी. अर्ध्या बारमध्ये आतली रबरी नळी फुगतच नाही, मग पाईप लांब कसा होणार?

त्यात हा अर्धा बारसुद्धा पूर्ण टोकापर्यंत पोचत नाही. पाईपच्या आतल्या भिंतीशी घासत घासत पाणी पुढे जातं आणि तो जोर वाटेत खर्च होतो. किती खर्च होतो हे ठरतं पाईपच्या आतल्या व्यासावर, आणि इथेच सगळी गंमत आहे. अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंच घेतला तर आपल्याला वाटतं दीडपट पाणी येईल. येतं जवळजवळ तिप्पट!

वरच्याच ५ मीटर उंचीच्या टाकीला ३० मीटर पाईप लावला असं धरून हिशोब केला. अर्ध्या इंची पाईपच्या टोकाला मिनिटाला साधारण ८ ते ९ लिटर येतं. पाऊण इंचीला २५ लिटरच्या आसपास. एक इंचीला कागदावर ५० च्या घरात. प्रत्यक्षात नळ आणि जोड यांत थोडं कमी होणार, पण प्रमाण हेच.

समजा ४० कलमं आहेत आणि एका आळ्यात २० लिटर घालायचंय. ८०० लिटर झालं. अर्ध्या इंची पाईपने दीड तासाच्या वर, पाऊण इंचीने अर्धा तास. हा वाचलेला तास कोणाचा आहे ते बघा. सकाळी नऊनंतरच्या उन्हात पाईप धरून उभी राहणारी जी कोणी घरात आहे तिचा.

मग थेट एक इंचीच घेऊया ना? थांबा. ३० मीटरचा एक इंची पाईप भरला की आतच जवळजवळ १५ किलो पाणी असतं, वर पाईपचं वजन. उतारावर, दगडाधोंड्यांतून, साठीची आई हे ओढणार? पाऊण इंचीत साडेआठ किलो, अर्ध्या इंचीत चारच्याही आत. म्हणून माझं मत असं: लांबच्या अंतरासाठी एक इंची काळा एचडीपीई पाईप घालायचा, बागेच्या मध्यापर्यंत, कायमचा. तिथे एक कॉक. तिथून पुढे १०-१२ मीटरचा पाऊण इंची हिरवा पाईप हातात. कॉक दोन-तीन ठिकाणी दिले तर हातातला पाईप आणखी छोटा. आमच्या धंद्यात नेटवर्क असंच टाकतात, मोठी केबल इमारतीपर्यंत आणि छोटी टेबलापर्यंत. माडा-पोफळीच्या आगरात रहाटाचं पाणी मोठ्या पाटातून येऊन छोट्या पाटांनी आळ्यांत जायचं, तीच रचना.

इथे दुकानात फसायची एक जागा आहे. हिरव्या पाईपचं माप आतल्या व्यासाचं असतं, काळ्या एचडीपीईचं बाहेरच्या. म्हणजे २५ मिलीमीटरचा काळा पाईप मागितलात तर आतून तो विसेक मिलीमीटरच भरतो, भिंत जाड असेल तर त्याहून कमी. एक इंच आत हवा असेल तर ३२ चा मागा. आणि शक्य असेल तर तोंडाला पट्टी लावून मोजा, दुकानदार हसला तर हसू दे.

नवीन काही विकत घेण्याआधी मात्र बादली आणि फोनचं स्टॉपवॉच घ्या. पाईप काढून थेट नळाखाली २० लिटरची बादली भरा, वेळ लिहा. मग पाईप जोडून त्याच्या टोकाला भरा. नळाखाली ४० सेकंद आणि पाईपच्या टोकाला दोन मिनिटं, असं आलं तर पाणी पाईप खातोय. दोन्हीकडे दोन मिनिटं आली तर पाईप निर्दोष आहे. मग नळ, टाकीचा आउटलेट किंवा वरून खाली येणारी लाइन तपासा. कुठल्या थरात अडलंय ते आधी शोधायचं. अर्ध्या इंचाच्या गंजलेल्या नळाला एक इंची पाईप लावून पैसेच जातात.

आता गनकडे येऊ. पाईपच्या तोंडावर अंगठा धरला की धार लांब जाते, हे लहानपणापासून सगळ्यांनी केलंय. अंगठा दाब तयार करत नाही, तो वाचवतो. तोंड लहान केलं की पाणी कमी वाहतं. कमी वाहिलं की पाईपमध्ये घासण्यात जोर कमी जातो, आणि उरलेला सगळा जोर टोकाला धारेच्या वेगात दिसतो. गन हेच करते. म्हणजे धार लांब, पण पाणी कमी. आळं भरायचं असेल तर गन कशाला हवी? पाईपचं उघडं तोंड आळ्यात ठेवा, खाली एखादा चपटा दगड किंवा नारळाच्या सोडणाचा तुकडा ठेवा म्हणजे माती उकरली जाणार नाही. गन कामाची आहे ती गाडी धुवायला, अंगणात धूळ दाबायला, आणि तीही विहिरीवरच्या मोटरच्या लाइनवर. रोपांच्या पिशव्यांना झारीसारखं भोकांचं तोंड लावा, ते अर्ध्या बारवर चालतं. एकच घ्यायची असेल तर पिळून धार बदलणारी पितळी घ्या. प्लास्टिकच्या गनमधली स्प्रिंग गंजते आणि मग ती कायमची अर्धी उघडी राहते.

मोटरवर गन वापरताना खटका सोडून मोटर चालू ठेवू नका. पाणी जायला जागा नसते, पंपात तेच पाणी फिरून तापतं आणि कुठेतरी क्लिप उडते. आधी मोटर बंद, मग खटका दाबून आतला दाब सोडायचा. दाब भरलेला पाईप उन्हात ठेवला की दुपारी फुटलाच समजा.

यानंतरचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तो पाण्याच्या कमी-जास्तीचा नाही. हल्ली पाईपच्या टोकाला लावायची एक बाटली मिळते. आत औषध भरायचं, पाणी वाहताना ते ओढलं जाऊन मिसळतं आणि फवारा होतो. दिसायला सोपं. पण औषध किती मिसळणार हे दाबावर ठरतं, आणि आपला दाब टाकीबरोबर खालीवर होतो. टाकी भरलेली असताना एक प्रमाण, निम्मी झाल्यावर दुसरं. आंब्याच्या मोहोरावर असलं अंदाजपंचे काम नको. पाठीवरचा पंप बरा, मोठ्या बागेला एचटीपी पंप. मोजून मिसळलेलं तेवढंच पडतं.

आणि मुख्य म्हणजे पाणी उलटं येऊ शकतं. कल्पना करा, फवारणीसाठी ड्रममध्ये औषध टाकलंय, विहिरीच्या मोटरचा पाईप ड्रममध्ये बुडवून पाणी भरताय, आणि लाईट गेली. आपल्याकडे लाईट जाणं म्हणजे काही बातमी नाही. मोटर थांबली, विहिरीतलं पाणी खाली, ड्रम वर, आणि तळाचा फूटव्हॉल्व्ह जुना, गळका. ड्रममधलं औषध पाईपमधून उलटं विहिरीत ओढलं जातं. त्याच विहिरीचं पाणी सगळं घर पितं, कधी सगळी वाडी. कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण लाईट आली की मोटर पुन्हा सुरू होते आणि ड्रम पुन्हा भरायला लागतो.

उपाय फुकट आहे: पाईपचं तोंड ड्रममधल्या पाण्यात कधीही बुडवायचं नाही, काठाच्या वर एक वीत राहील असं बांधायचं. मध्ये हवा असली की उलटं ओढायला काही उरत नाही. दुसरं, ड्रम आधी भरायचा, पाईप बाजूला करायचा, औषध नंतर. लाइनवर एनआरव्ही बसवलात तर उत्तमच, पण त्याच्या भरवशावर पाईप बुडवू नका, कचरा अडकला की तोही गळतो. आणि औषधाला लागलेला पाईप वेगळाच ठेवा, लाल इन्सुलेशन टेप गुंडाळून. तो गुरांच्या पाण्याला नको, भाजीला नको.

तसंही उन्हात पडलेल्या हिरव्या पाईपमधलं पहिलं पाणी कोणी पिऊ नये. ते हात भाजण्याइतकं गरम असतं आणि त्याला प्लास्टिकचा वास मारतो. रोपांवरही घालू नका, आधी बाजूला सोडून द्या.

पाईप टिकवायचा म्हणजे मुख्यतः उन्हापासून वाचवायचा. पीव्हीसी मऊ राहतो तो त्यात घातलेल्या तेलकट द्रव्यामुळे. ऊन ते काढून घेतं, पाईप कडक होतो, आणि मग वळवला की चिरतो. काळ्या एचडीपीईत काजळी मिसळलेली असते, ती ऊन अडवते, म्हणून तो बाहेर वर्षानुवर्षं राहतो. पारदर्शक पाईप तर घेऊच नका, आत उजेड जातो आणि शेवाळं धरतं, तेच तुटून गनच्या जाळीत अडकतं. घ्यायचाच तर आत दोऱ्याची जाळी असलेला, दाट रंगाचा. दुकानात तो हातात घेऊन वाकवा. लगेच चिमटा बसला तर तो उतारावर रोज चिमटणार.

काम झालं की दोन्ही तोंडं मोकळी करून पाणी काढा आणि मोठी वेटोळी करून पडवीत टांगा. खिळ्याला नको, खिळ्यावर तो मोडतो, सायकलची जुनी रिम भिंतीला ठोकली की झालं. गुंडाळताना एक वेटोळं सरळ, पुढचं हात उलटा फिरवून घ्या. सगळी वेटोळी एकाच बाजूने घातली की प्रत्येकात एक पीळ साठतो, आणि सकाळी ओढला की तोच पीळ गाठ होऊन पाणी अडवतो.

फुटलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळणाऱ्यांना एकच सांगणं: ती दुपारपर्यंत टिकते. फुटका भाग कापून काढा, दोन्ही टोकं मिनिटभर गरम पाण्यात बुडवा, मऊ झाली की पितळी जोड आत ढकला आणि दोन्हीकडे स्टीलची क्लिप स्क्रूने आवळा. तार पिळून बांधली तर ती पाईप कापते. नळाशी गळत असेल तर बहुतेक वेळा आतला वायसर गेलेला असतो. स्कूटरच्या जुन्या ट्यूबमधून गोल कापून घातला तरी चालतो.

आणि मिरगाच्या आत पाईप आवरायचा. पहिल्या पावसाच्या गडबडीत तो मागीलदारी तसाच राहतो, चार महिने चिखलात, वर गवत, आत लाल गाळ, आणि ऑक्टोबरमध्ये गवत कापताना कोयत्याचा एक घाव हमखास. धुऊन, पूर्ण निथळून, तोंडं फडक्याने बांधा नाहीतर आत कुंभारमाशी घर करते. टांगतानाही उंदराच्या वाटेपासून लांब.

तर ठाण्याच्या मित्रा, ती गन परत जात असेल तर पाठव. जात नसेल तर मोटरच्या लाइनवर वापर. आणि पुढच्या खेपेला घरी जाशील तेव्हा पहिल्यांदा बादली भरून बघ, किती सेकंद लागले ते मला व्हॉइस नोटवर सांग.